टेपवर नाही ते

आमच्या दुकानाची पाटी अजून ‘रेडिओ रिपेअरिंग’ अशीच आहे. रेडिओ दुरुस्त करणं आम्ही केव्हाच सोडलं, पण पाटी वडिलांनी स्वतःच्या हातानं रंगवलेली आहे. शिवाय शनिवार पेठेत पाटी बदलली की दुकान उठलं असं लोक धरून चालतात.

वडिलांनी दुकान टाकलं १९७१ साली. माझ्या लहानपणी दुरुस्त झालेला सेट आमच्याकडे एकाच कसोटीवर पास व्हायचा : काटा ७९२ वर, म्हणजे पुणे केंद्रावर, ठेवायचा आणि सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या खरखर न होता लागल्या पाहिजेत. सुधा नरवणेंचा आवाज स्वच्छ आला की वडील मागचं झाकण लावायचे. पुढे कॅसेट प्लेअर आले, मग सीडी, मग मोबाइल. २००६-०७ पर्यंत अशी वेळ आली की दिवसभरात दोन रिमोट आणि एखादा मिक्सर. मिक्सरसुद्धा मी घ्यायचो, खोटं कशाला सांगू.

२००८ च्या पावसाळ्यात एक काका साडीच्या खोक्यात सात स्पूल, म्हणजे चकतीवर गुंडाळलेल्या जुन्या टेपा, घेऊन आले. आकाशवाणीतून निवृत्त झालेले, सगळी नोकरी ग्रामीण कार्यक्रमांत गेलेली. “वाजवून देता का?” एवढंच विचारलं. माझ्याकडे स्पूलचं मशीन नव्हतं, पण पुण्यात दुकानदारानं ‘नाही’ म्हणायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात मी ‘हो’ म्हणून बसलो. जुन्या बाजारात तीन रविवार हिंडलो तेव्हा एक बंद पडलेलं रिव्हॉक्स कंपनीचं स्पूल मशीन मिळालं. त्याचे बेअरिंग आणि कपॅसिटर तपकीर गल्लीत मिळाले. टेप दाबून पुढे ओढणाऱ्या पिंच रोलरचं रबर मात्र दगड झालेलं, ते एका ओळखीच्या लेथवाल्याकडून नव्यानं चढवून घेतलं.

पहिला स्पूल लावला तर टेप किंचाळायला लागली. पन्नासेक सेकंदांत हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, चॉकलेटी चिकट थर! सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या काही टेपांचं असं होतं. चुंबकीय पावडर धरून ठेवणारा चिकटा हवेतली ओल पितो आणि सुटायला लागतो. उपाय ऐकून कुणालाही वाटेल की मी थट्टा करतोय : टेप भाजायची. पन्नासेक अंशांवर, सात-आठ तास, मंद. मग ती काही आठवडे नीट वाजते, तेवढ्यात तिची कॉपी करून घ्यायची. मात्र त्याहून जुन्या अॅसिटेटच्या टेपा चुकूनही भाजायच्या नाहीत. त्या ओळखायला सोप्या. स्पूल उजेडापुढे धरला की आरपार दिसतो, आणि खराब होत आल्या की व्हिनेगरसारखा आंबट वास मारतात. आम्ही अजूनही नवीन स्पूल आला की आधी खिडकीपाशी नेतो, मग हुंगतो. गिऱ्हाईक बघत राहतं.

सात स्पूल कॉम्प्युटरवर उतरवले. पाचव्यावर एका म्हाताऱ्या शेतकऱ्याची मुलाखत होती, मागे सतत सूंऽऽ आवाज. मी तेव्हा सॉफ्टवेअर नवीन शिकलेलो, हाताला खाज होती. नॉइज काढायचा म्हणजे कुणी बोलत नसेल असा तुकडा निवडायचा, ‘हा कचरा’ असं सॉफ्टवेअरला सांगायचं, की ते तसला आवाज सगळीकडून पुसतं. पुसला. आवाज असा लख्ख झाला की मीच खूश.

काकांनी हेडफोन लावला. दोन मिनिटं ऐकलं. मग म्हणाले, “पाऊस कुठाय?”

“कुठला पाऊस काका?”

“अहो, त्याच्या पत्र्यावर पडत होता तो. दुष्काळानंतरचा पहिला पाऊस होता. पावणेदोन तास चहा पीत बसलो मी त्या ओट्यावर, पत्रा वाजायला लागेपर्यंत मशीन सुरू केलं नाही. तुम्ही तो पुसलात?”

मूळ कॉपी मी ठेवली होती, म्हणून वाचलो. त्या दिवसापासून आमचा नियम आहे : पहिली फाइल जशीच्या तशी, २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ अशा बारकाईनं उतरवलेली, तिला हात लावायचा नाही. साफसफाई वेगळ्या कॉपीवर, तीही विचारून. पण खरी गोष्ट मला घरी जाताना सुचली. टेप ऐकून तो पाऊस आहे हे मला कळलं नव्हतं, कुणालाच कळलं नसतं. ते फक्त काकांना माहीत होतं आणि काका तेव्हा एकोणऐंशी वर्षांचे होते.

मग आम्ही टेपेबरोबर माणूसही रेकॉर्ड करायला लागलो. पद्धत साधी आहे. ज्यानं कार्यक्रम केला त्याला समोर बसवायचं, त्याचीच टेप वाजवायची आणि त्याला वाटेल तिथे थांबवू द्यायची. प्रश्न शक्यतो विचारायचे नाहीत. नुसतं ‘आठवणी सांगा’ म्हटलं की सगळे भाषण देतात. टेप चालू असली की भांडतात, हसतात, ‘हा कट मी नव्हता केला’ म्हणतात.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. पुणे केंद्रावरचं कुणीही आलं की सुरुवात गीतरामायणापासून होते, मग तो माणूस तेव्हा जन्मलेला असो वा नसो. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९५३ ला आणि दीड वर्षात, १ एप्रिल १९५५ ला, ते पहिलं गीत वाजलं. कल्पना सीताकांत लाड यांची, गीतं गदिमांची, चाली बाबूजींच्या, एकूण छप्पन्न गीतं. यातलं काही खोटं नाही, पण आमच्याकडे ते अकरा जणांच्या तोंडून आहे आणि अकरांपैकी कुणीच तिथे हजर नव्हतं. आता मी मान डोलावतो आणि हळूच टेप सुरू करतो.

त्याच काळातली एक गोष्ट मात्र कुणी आपणहून सांगत नाही. ती पाऊसवाल्या काकांनी, त्यांच्या वरिष्ठांकडून ऐकलेली, मला सांगितली. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं पाच जिल्ह्यांतल्या दीडशेच्या आसपास गावांत श्रोत्यांचे गट बांधले. वीस कार्यक्रम केले. संध्याकाळी गट जमायचा, कार्यक्रम ऐकायचा, मग त्यावर चर्चा करून आपले प्रश्न आणि मतं केंद्राकडे पाठवायचा, आणि त्यांची दखल पुढच्या कार्यक्रमांत घेतली जायची. पुढे १९५९ पासून देशभर असे गट झाले. काका म्हणायचे, “आम्हाला नोकरीत पहिला धडा तोच होता. पत्र आलं नाही तर कार्यक्रम झालाच नाही असं समजा.”

महिलांचे कार्यक्रम करणाऱ्या एक ताई आल्या होत्या. त्यांनी कात्रीकामाचं जे सांगितलं ते मी दुकानातल्या मुलांना अजून ऐकवतो. टेप साडेसात इंच सेकंदाच्या वेगानं जायची, म्हणजे एक सेकंद साडेसात इंच. पांढऱ्या पेन्सिलीनं खूण करायची, ब्लेडनं तिरकं कापायचं, मागून चिकटपट्टी. ‘अं’, ‘म्हणजे’, खोकला, सगळं इंचांत मोजून जमिनीवर. एकदा नवरा गेलेल्या एका बाईंच्या मुलाखतीतून त्यांनी एक उसासा कापला, साधारण चार इंच. परत ऐकलं तर बाई खोटं बोलतायत असं वाटायला लागलं. नशिबानं तो तुकडा टेबलाच्या कडेला चिकटवून ठेवला होता. परत जोडला. आमच्याकडे आलेल्या टेपेत त्या जागी दोन जोड दिसतात, चार इंचांच्या अंतरावर. ताईंनी नखानं दाखवले.

धंद्याचं म्हणाल तर पोट भरतं. लग्नाच्या कॅसेटी आणि आजोबांची कीर्तनं यांवर भाडं निघतं. निर्मात्यांच्या आठवणींचे आम्ही पैसे घेत नाही, कारण घेतले असते तर कुणी आलंच नसतं. एका संस्थेनं शंभरावर स्पूलचं काम करून घेतलं आणि बिल अजून ‘वर पाठवलंय’. प्रसारित कार्यक्रमांचे हक्क आमचे नाहीत, त्यामुळे ते आम्ही कुठेही टाकत नाही. ज्याचा स्पूल त्याला घरच्यापुरती कॉपी, बस. यावरून दोन-तीन उत्साही मंडळी रागावली आहेत, त्याला इलाज नाही.

कोरोनात फोनवर रेकॉर्डिंग केलं. आवाज वाईट, पण घरी बसून कंटाळलेली माणसं मोकळी बोलली. काका त्याच्या आधीच गेले. त्यांच्या मुलीला आम्ही दोन्ही फाइल्स दिल्या, पावसाची आणि बिनपावसाची. बिनपावसाची तिनं परत केली.

आमचं सगळ्यात आवडतं काम म्हणजे खोक्यांवरची लेबलं. तेव्हा टेप महाग, एकच स्पूल पुसून पुन्हा पुन्हा वापरायचे. खोक्यावर चार-चार नावं खोडलेली असतात. नवा कार्यक्रम जुन्यापेक्षा छोटा असेल आणि टेप आधी पूर्ण पुसलेली नसेल, तर शेवटी जुन्याचं शेपूट उरतं. म्हणून ‘कार्यक्रम संपला’ झाल्यावरही आम्ही मशीन बंद करत नाही. गेल्या महिन्यात ऊस लागवडीच्या भाषणानंतर अशीच बावीस सेकंदं निघाली : एक बाई नाटकातलं वाक्य म्हणते, नाटकातल्या आवाजांसाठी स्टुडिओत चौकटीत नुसतंच उभं केलेलं दार करकरतं आणि मागून कुणीतरी म्हणतं, “कडी विसरलात.”

तो मागचा आवाज कुणाचा, म्हणून नाटक विभागातल्या तीन ज्येष्ठांना ऐकवला. तिघांनी तीन नावं सांगितली, तिघंही ठाम. तिसरे तर पहिल्या दोघांवर चिडले. तिन्ही नावं आम्ही खोक्यावर लिहिली आहेत, पेन्सिलीनं.