सँडी हूकच्या किनाऱ्यावरचा चौथा मासा

सप्टेंबर 2021 मधील त्या सकाळी न्यू जर्सीतील सँडी हूकच्या किनाऱ्यावर, गळाने मासे पकडणाऱ्यांच्या मासळीची मोजमापे मी मत्स्य खात्यासाठी नोंदवत होतो, आणि डोळ्यांसमोर ब्लूफिश या शिकारी माशांचा थवा मेनहेडनवर तुटून पडला. मेनहेडन हा आपल्या तारलीच्या नात्यातला मासा. खालून होणाऱ्या हल्ल्याने ते पाण्याबाहेर उसळत होते, वरून कुरव पक्षी झेपावत होते आणि काही मेनहेडन तर जीव वाचवण्याच्या धडपडीत थेट वाळूवर येऊन पडले होते. त्यांतील कित्येकांना शेपटीच नव्हती. ब्लूफिशच्या जबड्यात धारदार दातांची एकच सलग रांग असते. साधी दोरी ती सहज कापते, म्हणून जाणते लोक गळाला आधी तार जोडतात.

एका वृद्ध गृहस्थांच्या बर्फाच्या पेटीत तीन मासे होते आणि चौथा नुकताच गळाला लागला होता. 2020 मध्ये ब्लूफिश पकडण्याची माणशी दररोजची मर्यादा 15 वरून 3 वर आणली होती. "समुद्र असा माशांनी उकळत असताना तुमचे खाते मासे घटले म्हणते, हे मी कसे मानू?" असे त्यांनी मला विचारले.

प्रश्न रास्त होता. थव्याने राहणाऱ्या माशांची एकूण संख्या घटली, तरी उरलेले मासे एकत्रच येतात, त्यामुळे किनाऱ्यावरून दिसणारी गर्दी पूर्वीसारखीच भासते, हे मी त्यांना सांगितले. म्हणूनच आम्ही माशाच्या कानातला खडा काढून, तो कापून, सूक्ष्मदर्शकाखाली त्यावरची वर्तुळे मोजतो आणि वय ठरवतो. कोणत्या वयाचे किती मासे उरले आहेत, हे त्यातून कळते.

त्यांनी सर्वांत मोठ्या माशाचे डोके मला दिले. तो 70 सेंटिमीटर भरला होता. पोट चिरल्यावर मेनहेडनच्या तुकड्यांसोबत वीतभर लांबीचे एक अख्खे स्नॅपर निघाले; ब्लूफिशच्या पिल्लांना इथे याच नावाने ओळखतात. मोठे ब्लूफिश स्वजातीची पिल्ले खातात, हे मला वाचून ठाऊक होते. तरीही ते हातात धरताना मन चरकले. गृहस्थ बराच वेळ त्या पिल्लाकडे पाहत राहिले.

मग त्यांनी चौथ्या माशाच्या जबड्यातून पकडीने गळ सोडवला आणि गुडघाभर पाण्यात उतरून, तो स्वतःहून शेपटी हलवेपर्यंत त्याला दोन्ही हातांनी लाटेत धरून ठेवले. "सोडून दिलेले" या रकान्यात मी 1 लिहिले.