राधानगरीचे दरवाजे आणि एक काढलेली पोस्ट

मॅस्टोडॉन या, अनेक स्वतंत्र सर्व्हर एकमेकांना जोडून चालणाऱ्या समाजमाध्यमावरील आमचा छोटा मराठी सर्व्हर कोल्हापुरातून चालतो आणि त्यावरील तक्रारींचा निवाडा आम्ही तिघे करतो. एरवीचे काम म्हणजे जाहिरातबाज खाती आणि सदस्यांचे आपापसांतले रुसवे. गेल्या पावसाळ्यातील एका पोस्टचा विषय मात्र माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही.

राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेने 39 फुटांची इशारा पातळी ओलांडली होती आणि 43 फुटांची धोका पातळी कधी गाठली जाते, याकडे सगळ्यांचे लक्ष होते. त्या रात्री आमच्या एका सदस्याने लिहिले की, राधानगरी धरणाचे दरवाजे अधिकाऱ्यांनी मुद्दाम गुपचूप उघडले असून आमच्या गावाला खबरही दिली नाही. आणि खाली एका अधिकाऱ्याचा खासगी मोबाइल क्रमांक देऊन त्याला झोपू देऊ नका, असे आवाहन केले. राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत; धरण भरले की पाण्याच्या दाबाने ते आपोआप उघडतात, त्याला कोणाचा हुकूम लागत नाही. त्यामुळे मुद्दाम उघडल्याचा आरोप खोटा होता. खबर न मिळाल्याची तक्रार मात्र खोटी ठरवण्याचे मला काहीच कारण नव्हते, आणि ती संतापाने मांडण्याचा त्याला पूर्ण अधिकार होता.

एका सहकाऱ्याने खातेच बंद करण्याचा आग्रह धरला. जून 2023 मध्ये स्टेटसवरून शहरात दगडफेक होऊन इंटरनेट बंद झाले, तेव्हापासून त्याला प्रत्येक तक्रारीत दंगल दिसते. त्याची भीती मला समजते, पण सर्वोच्च न्यायालयाच्या 2015 च्या श्रेया सिंघल निकालाने आक्षेपार्ह ऑनलाइन मजकूर गुन्हा ठरवणारे कलम 66अ रद्द केल्यावरही आपणच आपल्यावर ते लादून घ्यावे, हे मला पटत नाही. 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार तक्रारीची पोच 24 तासांत द्यावी लागते, एवढे बंधन मी मानतो. ‘तक्रार निवारण अधिकारी’ या भारदस्त पदावर आमच्याकडे मीच आहे.

खरी अडचण साधनांची होती. दुसऱ्याच्या पोस्टमधील एक ओळ नियंत्रकाला खोडता येत नाही. चित्र असेल तर ते संवेदनशील म्हणून झाकता येते, पण मजकुराखाली ‘दरवाजे स्वयंचलित आहेत’ अशी टीप जोडण्याची सोय नाही. सदस्यालाच दुरुस्ती करायला सांगावे, तर जुनी आवृत्ती संपादनाच्या इतिहासात उघडून कोणीही क्रमांक वाचू शकतो. म्हणून मी संपूर्ण पोस्ट काढली, कारण म्हणून फक्त खासगी क्रमांक दिल्याचे नोंदवले आणि दरवाज्यांची माहिती सर्व्हरच्या खात्यावरून वेगळी लिहिली. केवळ खोट्या आरोपासाठी मी ती काढली नसती. पण तिच्याबरोबर गावाची रास्त तक्रारही गेली.

पोस्ट काढल्याचा निरोप इतर सर्व्हरना आपोआप जातो, तो पाळणे त्यांच्या हाती असते. एका जर्मन सर्व्हरवर प्रत तशीच राहिली होती. मी तिथल्या प्रशासकाला इंग्रजीत कळवले. त्याने प्रत तत्परतेने काढली आणि लगोलग आमच्या संपूर्ण सर्व्हरवर मर्यादा घातली. तिथले जे लोक आमच्या सदस्यांना आधीपासून अनुसरत नव्हते, त्यांना पुराच्या ऐन आठवड्यात आमच्याकडचे काही दिसेनासे झाले. 2019 मध्ये गॅब हे अतिउजव्यांचे समाजमाध्यम मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आले, तेव्हा अनेक सर्व्हरनी त्याच्याशी संबंध तोडले होते आणि मला ते योग्यच वाटले होते, आजही वाटते. मराठीचा एक शब्द न वाचता आम्हाला त्याच रांगेत बसवणारा प्रशासक मात्र आळशी आहे, असे माझे मत आहे.

सदस्याने निर्णयाविरुद्ध अपील केले, ते मी फेटाळले. मग त्याने आपले खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवले. असे करताना अनुयायी सोबत जातात, जुन्या पोस्ट जात नाहीत. त्याने तोच आरोप तिथे नव्याने लिहिला, या वेळी क्रमांकाशिवाय, आणि आमच्याकडचे अनुयायी असल्यामुळे तो पुन्हा आमच्याच पडद्यावर आला. त्यावर तक्रार आली आहे. सहकाऱ्याला त्या सर्व्हरशी संबंधच तोडायचे आहेत. मी तक्रारदाराला पोच दिली आहे आणि पोस्ट राहू दिली आहे.