गोफ बसवला, पण आराखडा अडला: माझा अनुभव

युवक महोत्सवासाठी आमच्या मुलींनी गोफ, म्हणजे दोऱ्यांची वेणी विणत नाचायचं लोकनृत्य, छान बसवला. तो कागदावर उतरवताना मात्र दमछाक झाली. राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय.

लोकनृत्याचे नियम सरळ होते. नाचणारे जास्तीत जास्त १०, साथीदार ५, वेळ १० मिनिटं, ध्वनिमुद्रित संगीत नाही. अर्ज, ओळखपत्रं, गाण्याचे शब्द सगळं पटकन झालं. कोण कुठे उभी ते दाखवणारा आराखड्याचा कागद मात्र परत आला.

त्यावर रकाने होते पहिली ओळ, दुसरी ओळ, मध्यभागी कोण. लेझमीला हे जमतं, तिथे रांगा असतात. गोफात कोणी जागेवर थांबतच नाही. वर एका ठिकाणी बांधलेल्या दोऱ्यांचं एकेक टोक प्रत्येकीच्या हातात. पाच जणी उजव्या फेरीने, पाच डाव्या फेरीने. समोरून येणाऱ्या एकीच्या आतून जायचं, पुढचीच्या बाहेरून. वेणी पडत जाते, मग उलट फेरीने तीच सोडवायची. असं असताना 'पाचवी मुलगी कुठे उभी?' याचं उत्तर काय लिहिणार? ठिपक्यांचं कडं काढून दिलं, तर 'एकच रचना दिसते' म्हणून परत. अर्ज घेणाऱ्या टेबलावरचा माणूस बदलला की मागणीही बदलायची. मुली तालीम सोडून माझ्यासोबत रांगेत उभ्या, याचा मला फार संताप आला.

शेवटी आम्हाला गोफ शिकवणाऱ्या गोव्यातल्या काणकोणच्या काकांना फोन केला. शिगम्यात, म्हणजे तिकडच्या होळीच्या सणात, गोफ खेळत आलेला माणूस! ते म्हणाले, "बाई, जागा लिहू नका, चाल लिहा." मग तीन भाग केले: सुरुवातीचं कडं, वीण, उकल. प्रत्येक मुलीच्या नावापुढे फक्त तिची फेरी, आणि खाली एकमेकींना छेदणाऱ्या दोन नागमोडी रेषा. कागद लगेच स्वीकारला गेला. तो आराखडा मी जपून ठेवलाय, कारण तो खरा गोफ आहे.

तुम्ही गोफ नेणार असाल तर दोऱ्यांचा मधला खांब धरणारा माणूस दहांत धरतात की साथीदारांत, हे अर्ज भरण्याआधीच विचारा. मुलींची संख्या सम ठेवा, नाहीतर वीण बसत नाही. आणि हो, वेणी पडेल तशा दोऱ्या आखूड होतात, कडं आत ओढलं जातं; लांबी सढळ घ्या. दोन फेऱ्यांना दोन रंगांच्या दोऱ्या दिल्या तर कोण चुकलं ते तालमीतच दिसतं.