विंचच्या आधी हूक बघा

दरवर्षी मे महिना सरत आला की माझा फोन वाजायला लागतो. कुणी थार घेतलेली असते, कुणी जिम्नी, आणि प्रश्न एकच: "दादा, विंच कुठला बसवू?" विंच म्हणजे गाडीच्या पुढे बसवलेलं, मोटरवर दोर गुंडाळून रुतलेली गाडी ओढणारं यंत्र. मी उलट विचारतो, "गाडीला हूक कुठे लावणार?" तिथे बोलणं अडतं. म्हणून यंदा सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

मी चाकणच्या एका कारखान्यात क्रेन आणि लिफ्टिंग टॅकलची देखभाल बघतो. नोव्हेंबर 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 29 प्रमाणे वजन उचलायची प्रत्येक साखळी, दोर आणि हूक बारा महिन्यांतून किमान एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावा लागत असे आणि त्याची नोंद ठेवावी लागत असे. आमच्या शेडमध्ये क्षमतेचा शिक्का नसलेली शॅकल (पिन घालून बंद करायची पोलादी कडी) सापडली तर ती त्याच दिवशी भंगारात जाते. पण रविवारी मुळशीच्या चिखलात तेवढ्याच टनांचा ताण घेतलेल्या दोराशेजारी माणसं मोबाइलवर शूटिंग करत उभी असतात, आणि त्या दोराची तपासणी कधी झाली हे कुणीच सांगू शकत नाही. शेडमधली शिस्त चिखलात यायला हवी, यासाठी हा सगळा खटाटोप.

तर आधी हूक. गाडीबरोबर जो टो-आय, म्हणजे ओढायची कडी, येतो तो बंद पडलेली गाडी सपाट रस्त्यावरून ओढून न्यायला असतो. खाली जे बारीक आकडे दिसतात ते गाडी ट्रकवर बांधून आणायला असतात. रुतलेली गाडी उपसून काढायला यांतलं काहीच चालत नाही. त्यासाठी चासीला बोल्टनं पकडलेला, क्षमता कोरलेला रिकव्हरी पॉइंट लागतो, पुढेही आणि मागेही. त्याचे बोल्टही बघा. डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आकडा असला पाहिजे. कोपऱ्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट इथे नको. आणि टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर जोडायच्या मागच्या गोळ्याला, पट्टा कधीही अडकवू नका. ऑस्ट्रेलियात असा बॉल तुटून काचेतून आत गेल्यानं माणसं दगावली आहेत.

हुकानंतर शॅकल. इथे आकड्यांचा घोळ होतो आणि तो नीट समजून घेण्यासारखा आहे. पाऊण इंची बो शॅकलवर "4.75 टन" असं कोरलेलं असतं. तो तिचा कामाचा भार, म्हणजे तिनं सुरक्षितपणे घ्यायचा ताण. चांगल्या कंपनीची शॅकल तुटायला त्याच्या कितीतरी पट ताण लागतो. पट्ट्यावर आणि सिंथेटिक दोरावर मात्र छापलेला आकडा बहुधा तुटण्याचा भार असतो. त्यामुळे आठ टनांचा पट्टा आणि पावणेपाच टनांची शॅकल शेजारी ठेवली की लोकांना शॅकल कमकुवत वाटते. असतं उलट. आधी तुटेल तो पट्टा. पण हे फक्त शिक्क्याच्या शॅकललाच लागू. बाजारात पिवळा, लाल रंग फासलेल्या, काहीही न कोरलेल्या शॅकल ढिगानं मिळतात. एका दुकानदारानं मला "साहेब, सगळे हीच नेतात" म्हणून त्या पुढे केल्या होत्या. मी घेतल्या नाहीत, तुम्हीही घेऊ नका. लावताना पिन हातानं पूर्ण आवळा आणि मग पाव फेरा सैल सोडा. नाहीतर ताण पडल्यावर ती अशी आवळून बसते की पान्यानंही हलत नाही.

आता विंच. त्याच्या डब्यावर 9500 पाउंड लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण 4300 किलो. गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट विंच, हा सगळीकडे चालणारा हिशोब. जिम्नीचं भरलेलं वजन 1545 किलो, थारचं दोन टनांच्या वर, तेव्हा 9500 मध्ये दोन्हींचं भागतं. मात्र हा आकडा ड्रमवरच्या, म्हणजे दोर गुंडाळला जातो त्या रिळावरच्या, पहिल्या थराचा असतो. दोराचा एकेक थर वर चढला की ड्रमचा व्यास वाढतो आणि ओढ घटते, दर थराला साधारण दहा-बारा टक्के. म्हणून शक्य असेल तितका दोर बाहेर काढून, लांबचा आधार धरूनच ओढा.

ओढायचं वजनही गाडीच्या कागदावरचं नसतं. अमेरिकी लष्कराच्या रिकव्हरीच्या पुस्तिकेत एक ठोकताळा आहे: चाकापर्यंत रुतलेल्या गाडीला तिच्या वजनाएवढा जोर लागतो, मडगार्डपर्यंत रुतली तर दुप्पट, केबिनपर्यंत तर तिप्पट. आपल्याकडच्या काळ्या मातीत हे रोज पटतं. ही माती पाणी पिऊन फुगते आणि चाक सोडत नाही. म्हणून मी आधी फावडं हातात घेतो. चाकापुढचा चिखल उपसला, डिफरन्शियलखाली अडलेला ढिगारा मोकळा केला, की विंचचं अर्धं काम झालेलं असतं. त्यानंतरही जड वाटलं तर स्नॅच ब्लॉक. दोर पुलीतून फिरवून परत आपल्याच गाडीला बांधला की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्म्यावर येतो. पुलीच्या पलीकडच्या आधारावर मात्र दोन्ही दोरांचा मिळून ताण येतो. पट्टा आणि शॅकल त्या हिशोबानं निवडा. इंजिन चालू ठेवा. पूर्ण भारावर असला विंच 400 अँपियरच्या वर खेचतो, बॅटरी बिचारी किती तग धरणार.

आता दोर, ज्याच्यावर सगळ्यांची भांडणं होतात.

माझा सगळा धंदा पोलादी वायर रोपचा, तरी माझ्या गाडीवर सिंथेटिक आहे. 9500 च्या विंचबरोबर बहुधा आठ मिलिमीटरचा पोलादी दोर येतो. तो तुटतो साधारण 4.4 टनांना. म्हणजे विंचची पूर्ण ओढ आणि दोराची तुटण्याची मर्यादा यांत काहीच अंतर उरत नाही. शेडमध्ये स्लिंगला पाचपट मार्जिन ठेवणाऱ्या माणसाला हे बघवत नाही. दहा मिलिमीटरचा चांगल्या प्रतीचा एचएमपीई (अतिशय मजबूत पॉलिथिलिन धाग्याचा) सिंथेटिक दोर नऊ टनांच्या आसपास जातो, म्हणजे दुप्पट मार्जिन. साधारण त्याच जाडीचा तीस मीटर पोलादी दोर अकरा किलो भरतो, हा दोन किलोंच्याही आत. पाण्यावर तरंगतो. डच कंपनी डीएसएमनं हा धागा 1990 मध्ये बाजारात आणला. मुख्य म्हणजे तुटलाच तर तो पोलादी दोरासारखा उसळत नाही, कारण अंगात वजनच नसतं. तरीही ताण घेतलेल्या दोरावर जाड ओली चादर टाकायची आणि माणसं दोराच्या लांबीपेक्षा लांब उभी करायची, हे दोन्ही दोरांना सारखंच.

सिंथेटिकचे शत्रू तीन: उष्णता, घासणं आणि ऊन. हा धागा 150 अंशांच्या आतच वितळतो आणि त्याच्या बराच आधी त्याची ताकद जायला लागते. बहुतेक विंचचा ब्रेक ड्रमच्या आतच असतो. भार असताना दोर उलटा सोडत राहिलात तर ब्रेक तापतो आणि ड्रमला चिकटलेला पहिला थर भाजतो. उतारावरून गाडी विंचवर सोडायची वेळ आली तर थोडं सोडा, थांबा, ड्रमच्या बाजूला हात धरून बघा. ड्रमवर किमान आठ-दहा वेढे कायम राहू द्या. हा दोर गुळगुळीत असतो, कमी वेढ्यांवर घसरतो. तिथवरचा भाग मी लाल रंगानं रंगवून ठेवलाय, लाल दिसलं की थांबायचं.

पोलादी दोर काढून सिंथेटिक घालताना जुना रोलर फेअरलीड (दोर विंचमधून ज्यातून बाहेर येतो ती रोलरची चौकट) तसाच ठेवू नका. त्या रोलरवर तारेनं पाडलेले ओरखडे नव्या दोराला करवतीसारखे कापतात. ॲल्युमिनियमचा हॉस, म्हणजे बिनरोलरचा गुळगुळीत, फेअरलीड लावा आणि त्याच्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवून बघा. धागा अडकला तर तिथे खरखर आहे, बारीक पॉलिश पेपरनं घासून काढा.

आता माझं आवडतं काम, धुणं. ट्रिपहून आलो की दोर पूर्ण उलगडून टबमध्ये भिजत घालतो, साधं पाणी आणि थोडा सौम्य साबण. कोकणातून आलो असेन तर पाणी जांभ्याच्या रंगाचं होतं. ते पुन्हा पुन्हा बदलायचं, निवळ होईपर्यंत. प्रेशर पंप वापरायचा नाही, त्यानं कचरा उलट आत घुसतो. हा दोर बारा पदरांचा, पोकळ विणीचा असतो. दोन्ही हातांनी थोडासा उलट दाबला की वीण उघडते आणि आतला रेतीचा कण बोटाला लागतो. ताण पडतो तेव्हा हाच कण आतून धागे कापतो. मग सावलीत पसरून पूर्ण वाळवायचा आणि उघड्या हातानं वीतभर वीतभर चाचपत जायचं. वरची लव फुलली असेल तर घाबरू नका, ती सुरुवातीला येतेच आणि आतल्या धाग्यांना आवरण देते. पण एखादी जागा कडक, चकचकीत, मेणचट लागली तर ती भाजली आहे. पदर तुटलाय किंवा जाडी एका ठिकाणी बारीक झालीय, तर तेवढा भाग कापून काढायचा आणि स्प्लाइस करायचा, म्हणजे एक टोक दुसऱ्याच्या पोकळ विणीत ओवून जोडायचं. गाठ मारायची नाही. गाठीत ताकद निम्म्यानं जाते, आणि हा निसरडा दोर गाठीतून सुटतोही. स्प्लाइस करताना दोराच्या व्यासाच्या साधारण 72 पट लांबी आत ओवावी लागते. दहा मिलिमीटरच्या दोराला 72 सेंटिमीटर, आणि टोक निमुळतं करून. घरी जुन्या तुकड्यावर हात बसवून घ्या, पावसात ते सुचत नाही. परत गुंडाळताना सव्वादोनशे किलोंच्या आसपास ताण देऊन, हलक्या चढावर गाडी स्वतःलाच ओढत आणून, शेजारी शेजारी वेढे बसवा. सैल गुंडाळला तर पुढच्या वेळी वरचा थर खालच्यात रुततो.

ज्यांच्याकडे पोलादी आहे त्यांनी तुटलेल्या तारा, मुरड आणि पिंजऱ्यासारखी फुगलेली वीण शोधावी. मुरड एकदा पडली की सरळ केली तरी ती जागा गेलेलीच असते. चामड्याचे हातमोजे घाला आणि दोर हातातून सरकू देऊ नका.

पट्ट्यांचं थोडक्यात सांगतो, कारण नियम सोपा आहे. नायलॉनचा स्नॅच पट्टा ताणतो, वीस टक्क्यांच्या आसपास, तो एका गाडीनं झटका देऊन दुसरी काढायला. विंचच्या कामात तो नको, ताणलेली सगळी शक्ती त्याच्यात साठून राहते. झाडाला बांधायचा पट्टा पॉलिएस्टरचा, किमान 75 मिलिमीटर रुंद, न ताणणारा. वेल्ह्याकडे एका काकांनी ट्रॅक्टर आणून "पाव्हणं, साखळी हाय की, पट्टा कशाला?" असं विचारलं होतं. मी त्यांना साखळीची तुटलेली कडी कुठवर जाते ते सांगितलं, माझा पट्टा त्यांच्या ट्रॅक्टरला लावला, आणि दोघांनी मिळून गाडी सावकाश काढली.

झाडाबद्दल एवढंच, बुंध्याशी अगदी खाली बांधा. ऐन, जांभूळ, आंबा ठीक. पांगाऱ्याच्या ठिसूळ लाकडावर भरवसा नको. सह्याद्रीच्या सड्यावर मातीचा थर पातळ आणि खाली कातळ, तिथे मोठं दिसणारं झाडही पावसात मुळासकट येऊ शकतं. अशा जागी दुसरी गाडी, चाकांना दगड लावून, जास्त खात्रीची.

बसवताना कायद्याचंही बघा. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना बुल बारवर कारवाई करायला सांगितलं, आणि मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 खाली गाडीतल्या बदलांवर बंधनं आहेत. विंचसाठी पुढे लोखंडी जंगला जोडून घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत विचारा.

शेवटी, बाद केलेल्या दोराचं काय करायचं. आम्ही शेडमध्ये बाद स्लिंग ग्राइंडरनं कापूनच भंगारात टाकतो. तुम्हीही बाद दोराचे हातभर लांबीचे तुकडे करा. लांब तुकडा कोपऱ्यात पडून राहिला तर पुढच्या पावसाळ्यात घाईच्या वेळी कुणीतरी तोच उचलून गाडीला बांधतो.