हरिश्चंद्रगड, कोकणकडा आणि न दिसलेली आकाशगंगा

आधी हे सांगून टाकतो, म्हणजे कुणाचे पैसे वाचतील: नोव्हेंबरात कोकणकड्यावर आकाशगंगेचा तो जाडजूड, उजळ पट्टा दिसत नाही. जाहिरातीवर कितीही झळकत छापलेला असला तरी नाही. आम्ही बावीस जण डोकं वर करून बसलो होतो, त्यामुळे हे ठामपणे सांगतोय.

फोटोग्राफी ट्रेक म्हणून माणशी २,२०० रुपये भरले होते. त्यात 'तज्ज्ञ मार्गदर्शन' धरलेलं. वाट खिरेश्वर गावातून, श्रेणी 'सोपी ते मध्यम', कड्यावर पोचायला चार तास. शनिवार अमावास्येला लागूनचा. यातली अमावास्या तेवढी खरी निघाली.

आकाशाचं गणित जायच्या आधी घरी करायचं असतं, ते मी केलं नाही, ही माझी चूक. आकाशगंगेचा उजळ गाभा धनू राशीच्या दिशेला आहे. ऑक्टोबरच्या मध्यात अंधार पडल्यावर साधारण साडेसात ते साडेआठ तो नैऋत्येला कड्याच्या बाजूला मिळतो, दहाच्या सुमारास मावळतो. महिन्याभराने गेलात तर दोन तास आधी मावळतो, म्हणजे अंधार पुरता होईपर्यंत क्षितिजालगत टेकलेला आणि थोड्याच वेळात गडप. डिसेंबरात तर सूर्यच त्या दिशेला असतो. आमचे तज्ज्ञ मात्र रात्री दहाला "थोडं थांबा, वर येईल" म्हणत होते. मावळतीला वर येणार कुठून? मी पश्चिमेकडे बोट दाखवून विचारलं, तर म्हणाले, "ढग आहेत वाटतं." ढगाचं टिपूस नव्हतं.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. गाभा मावळतो नेमका त्याच बाजूला कल्याण-मुंबईचा उजेड आहे. क्षितिजाला लागून केशरी-पिवळा पट्टा येतोच. म्हणून ऑक्टोबरात गेलात तरी गाभा खाली उतरायची वाट बघू नका, अंधार झाल्याझाल्या काढा. मे महिन्याच्या शेवटी पहाटे चारच्या सुमारास तो पुन्हा याच बाजूला असतो, पण तेव्हा धुरकट हवा आणि वळवाचे ढग. माझ्या मते ऑक्टोबरची अमावास्या, नाहीतर दुसरीकडे कुठेतरी जा.

आता वाटेबद्दल. खुबी फाट्यावरून धरणाच्या भिंतीने खिरेश्वर, तिथून तोलार खिंड. खिंडीपर्यंत दम लागतो, बाकी काही नाही. खिंडीत व्याघ्रशिल्प आहे, तिथे सगळ्यांनी बसून फोटो काढले. खरा प्रकार त्यानंतर. खिंडीतून डावीकडे वळलं की सरळ कातळ. खोबण्या आहेत, लोखंडी रेलिंग आहे, रिकाम्या पाठीने चढणाऱ्याला काही वाटणार नाही. माझ्या पाठीवर अकरा किलो होते आणि ट्रायपॉड सॅकच्या उजव्या बाजूला बांधलेला. दुकानात सॅक घेताना तो पट्टा बघून खूष झालो होतो. त्या पट्ट्यानेच घात केला.

मधल्या टप्प्यावर रेलिंग उजव्या हाताला येतं. मी पाय उचलला की ट्रायपॉडचं डोकं रेलिंगवर टण्णकन आपटायचं आणि सॅक मला दरीकडे ढकलायची. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी अडकलंच. पुढे जाता येईना, मागे पाच माणसं ओळीत उभी. गुडघा कातळाला टेकवून, डाव्या हाताने खोबण धरून, उजवा हात मागे नेऊन चाचपतोय. खालच्याने ओरडून सांगितलं, "काका, उजवीकडे झुका." झुकलो, सुटलं. सुटताना टिक असा बारीकसा आवाज झाला आणि काहीतरी कातळावरून टपटप उड्या मारत खाली गेलं. कॅमेऱ्याखाली लावायची प्लेट. डोक्याची खिट्टी रेलिंगला अडकून उघडली होती. पाचेकशे रुपयांचा चौकोनी तुकडा, पण तो नसला की पाच हजारांचा ट्रायपॉड म्हणजे नुसती काठी.

त्यामुळे ट्रायपॉड बाजूला बांधू नका. पाठीच्या मधोमध उभा बांधा, डोकं खाली, आणि प्लेट काढून कॅमेऱ्यालाच लावून ठेवा. जास्तीची प्लेट खिशात. कॅमेरा गळ्यात घालून हा टप्पा चढू नका, पुढे लोंबकळून प्रत्येक पायरीवर कातळाला लागतो. आमच्यातल्या एकाने लेन्स फिल्टरसकट फोडून घेतली.

कातळ संपला की वाटतं आलो. नाही. पुढे टेकाडांमागून टेकाडं, मध्ये रान, आणि वाटा फुटतात. चार तास कुठले, आम्हाला देवळापर्यंत सहा लागले, वर कड्यापर्यंत आणखी अर्धा. कॅमेऱ्याचं सामान असेल तर खिरेश्वरने जाऊ नका. पाचनई गावाच्या वाटेने जा. माझा निकाल इतका साधा आहे. आम्ही रविवारी पाचनईलाच उतरलो, दोन तास लागले, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पैशांचं. आम्ही गेलो तेव्हा वर पाचनईच्या मंडळींची जेवणाची छपरं होती. पिठलं-भाकरी, ठेचा, १५० रुपये. आमच्यातले दोघे घासाघीस करायला लागले, मला लाज वाटली. पीठ, तेल, चूल पेटवायची काडेपेटी, सगळं डोक्यावरून वर येतं. लूट ती नव्हे. लूट म्हणजे 'जेवण समाविष्ट' लिहून वर गेल्यावर "दुपारचं समाविष्ट, रात्रीचं आपापलं" सांगणं. तंबूचंही तसंच, तिघांच्या तंबूत चौघे. पैसे भरण्याआधी कुठलं जेवण, किती माणसांचा तंबू, हे लिहून मागा. मार्गदर्शकाला फक्त एक विचारा: "त्या दिवशी गाभा किती वाजता मावळतो?" उत्तर नाही आलं तर घरी बसा.

केदारेश्वराची लेणी दुपारी केली. चार खांबांतला एकच शाबूत, मधोमध मोठी पिंड, भोवती कमरेपर्यंत गार पाणी. तिथे प्रत्येकजण पाण्यात उतरून सेल्फी काढत होता, त्यामुळे पाणी स्थिर होणं अशक्य. प्रतिबिंब हवं असेल तर सकाळी सगळ्यांच्या आधी जा. आम्हाला नाही जमलं.

रात्री अकराला बाकीचे झोपले. वारा असा की ट्रायपॉडवाल्यांचे तारेही हललेले येत होते. वजन म्हणून ट्रायपॉडच्या मधोमध सॅक लटकवली तर सॅकच झोके घेते, जमिनीला टेकलेली ठेवा. लेन्सवर दव धरत होतं, दर दहा मिनिटांनी रुमालाने टिपायचं. बॅटऱ्या मी झोपायच्या पिशवीत घेऊन झोपलो, गारठ्यात बाहेर ठेवलेल्या अर्ध्यावर आल्या.

पावणेपाचला जाग आली. वारा पडलेला. बाहेर आलो तर कड्याच्या वर, नैऋत्येच्या बाजूला, मृग तिरका झालेला आणि त्याच्या डावीकडे व्याध असा काही पेटलेला की खाली कोकणातले दिवे फिके. ट्रायपॉड नव्हता. सॅकमध्ये नाश्त्याला आणलेले एक किलो पोहे होते. कड्याच्या काठापासून चांगलं दहा पावलं आत (काठाच्या जवळ रात्री कुणीही जाऊ नका, कडा आत वळलेला आहे, पायाखाली काय आहे ते कळत नाही) सपाट दगडावर पोह्यांची पिशवी आपटून पसरली, तिच्यात खळगा केला आणि कॅमेरा उभा रोवला. घट्ट बसला. वाळूची पिशवी काय बसेल!

किट लेन्स (कॅमेऱ्यासोबत मिळते ती साधी), १८ मिमी, एफ/३.५, आयएसओ ३२००. फोकस व्याधावर, स्क्रीनवर मोठं करून ठिपका बारीक होईपर्यंत हाताने, मग रिंगवर चिकटपट्टी. ५०० च्या नियमाने (तारे ठिपके राहावेत म्हणून शटर किती सेकंद उघडं ठेवायचं त्याचा ढोबळ हिशोब) माझ्या क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्याला अठरा सेकंद येतात, पण मृग खगोलीय विषुववृत्तावर आहे, तिथले तारे सगळ्यात भराभर सरकतात. अठराला रेघा आल्या. बाराला कमी. दहाला ठिपके. दोन सेकंदांचा टायमर लावायचा, बटण दाबताना धक्का नको. पंचवीस मिनिटं मिळाली, मग पूर्वेकडून आकाश फटफटायला लागलं. एकोणीस फोटोंपैकी दोन चांगले. त्यातल्या एकात मृगाच्या, म्हणजे ओरायनच्या, तलवारीतला तेजोमेघ गुलाबीसर ठिपक्यासारखा आलाय, किट लेन्सने, पोह्यांवर ठेवून. तज्ज्ञ तंबूत घोरत होते.

पुढच्या वेळी ट्रायपॉड घरी ठेवणार. सगळे म्हणतील वेडेपणा आहे, म्हणू देत. जाड पोहे घ्या, पातळ नकोत, पातळ्यांचा चुरा होतो आणि कॅमेरा खचतो. पिशवीला दोन गाठी मारा. माझी एका बाजूने सुटली होती, बॅटरीच्या झाकणात अजून पोहे निघतायत.

सकाळी त्याच पोह्यांचा नाश्ता केला. मीठ कुणी आणलं नव्हतं.