सीईटीचे ते दोन ९० मिनिटं : माझा अनुभव (पीसीएम ग्रुप, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स)

आमच्याकडे बार्शीत एमएचटी सीईटी, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंग वगैरेला जायची राज्याची प्रवेश परीक्षा, म्हटलं की सगळे एकच विचारतात, अभ्यास कितपत झालाय. वेळेचं काय करणार हे कोणी विचारत नाही. आणि माझ्या मते सीईटीत निम्मं घोडं तिथेच अडतं, कारण प्रश्न काही जेईईसारखे (देशपातळीवरची इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षा) डोकं फोडणारे नसतात, बहुतेक प्रश्न घरी निवांत बसलं की येतात. तिथे निवांत बसायलाच मिळत नाही हा खरा प्रॉब्लेम.

ज्यांना पॅटर्न माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. पहिली ९० मिनिटं फिजिक्स आणि केमिस्ट्री एकत्र, ५० अधिक ५० प्रश्न, प्रत्येकी एक मार्क. ती ९० मिनिटं संपली की तो भाग आपोआप बंद होतो आणि मॅथ्स उघडतं, त्यात ५० प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, परत ९० मिनिटं. निगेटिव्ह मार्किंग नाही. म्हणजे दोन्हीकडे हिशोब तोच, एका मार्काला ५४ सेकंद. पण फिजिक्स-केमिस्ट्री लवकर संपवून वाचलेली मिनिटं मॅथ्सला वापरू म्हणाल तर तसं होत नाही, मधे भिंत आहे.

आता हे ५४ सेकंद. क्लासमध्ये सर लोक फळ्यावर लिहून देतात आणि पोरं घाबरतात. मला विचाराल तर हा आकडा विसरा, कारण कुठलाच प्रश्न ५४ सेकंदांचा नसतो, एकतर दहा सेकंदांचा असतो नाहीतर तीन मिनिटांचा. नायलॉन ६ चा मोनोमर कोणता? कॅप्रोलॅक्टम, आलं तर वाचता वाचताच आलं, आणि नसेल येत तर तासभर बघत बसलात तरी येणार नाही. तार ताणून दुप्पट लांब केली तर रेझिस्टन्स किती पट? चार पट, पेन उचलायची पण गरज नाही. याउलट रोटेशनल डायनॅमिक्सचा एखादा असा येतो की आकडेमोडच संपत नाही, कॅल्क्युलेटर तर नसतोच. आणि मार्क दोघांना एकच! त्यामुळे मी मॉकमध्ये (सराव परीक्षेत) स्पीड वाढवायच्या मागे न लागता एकाच गोष्टीची सवय लावली, की प्रश्न वाचून झाल्यावर पुढची पायरी दिसतेय का? दिसत नसेल तर मार्क फॉर रिव्ह्यू (नंतर बघायची खूण) करून पुढे. ऐकायला सोपं वाटतं पण जाम अवघड आहे, कारण जो चॅप्टर आपण रात्र रात्र जागून केलेला असतो त्याचाच प्रश्न सोडून देववत नाही, हात निघत नाही तिथून.

ऑर्डर माझी ठरलेली होती. आधी केमिस्ट्री. बालभारतीचं पुस्तक ओळ न ओळ वाचलेलं असेल तर (गाईड नाही, पुस्तक) थिअरीचे प्रश्न फटाफट जातात. न्यूमेरिकल्समध्येही ठरलेल्या गोष्टी पाठ असल्या की वेळ वाचतो, उदाहरणार्थ फर्स्ट ऑर्डर रिअॅक्शन ७५ टक्के व्हायला दोन हाफ लाइफ लागतात आणि ९९.९ टक्के व्हायला साधारण दहा, यासाठी लॉग काढत बसायचं नाही. केमिस्ट्री साधारण अर्ध्या तासात उरकायची आणि उरलेला तासभर फिजिक्सला, असं माझं गणित. काही जण फिजिक्स आधी घेतात, डोकं ताजं असतं म्हणून. त्यांचं जमत असेल तर जमू दे, पण फिजिक्समध्ये अडकून केमिस्ट्रीच्या सोप्या प्रश्नांना हातच लावता आला नाही असं ज्यांचं झालं त्यांचे चेहरे मी बाहेर आल्यावर बघितलेत.

माझं सेंटर सोलापुरात होतं, सकाळची शिफ्ट, पप्पांबरोबर पहाटेच्या एसटीने गेले. सेंटरचं नाव घेत नाही पण मला मिळालेला माऊस असा होता की एकदा क्लिक केलं की दोनदा लागायचं, सेव्ह अँड नेक्स्ट दाबलं की मधला एक प्रश्न उडून पुढचाच यायचा. हात वर केला, बदलून मिळाला, पण त्यात थोडा वेळ गेलाच आणि वरचं घड्याळ काही थांबत नाही. म्हणून सांगते, लॉगिन झाल्यावर इन्स्ट्रक्शनच्या स्क्रीनवर असतानाच माऊस हलवून, क्लिक करून बघा, काही वाटलं तर तेव्हाच बोला. मधेच सहीला हजेरीपट घेऊन येतात, तेव्हा चालू आकडेमोडीखाली रेघ मारून मग सही करायची, नाहीतर परत पहिल्यापासून करावं लागतं.

त्या दिवशी फिजिक्स लांबलचक होतं. शेजारचा मुलगा उसासे टाकत होता. मी मनाशी म्हटलं, पर्सेंटाइल (किती टक्के मुलं आपल्या मागे) आपल्या शिफ्टमधल्या मुलांवरच निघतो, मला जड जातंय तर यालाही जातंय. तेवढ्यावर डोकं शांत राहिलं. रिव्ह्यूला टाकलेल्या प्रश्नांवर दुसरी फेरी मारली, काही सुटले, उरलेल्यांवर पाणी सोडलं.

मॅथ्सची गोष्ट वेगळी. इथे प्रश्न सोडवायचा की उत्तरापासून उलटं यायचं हे ठरवण्यात सगळा वेळ वाचतो. इंटिग्रेशन जमत नसेल तर ऑप्शन डिफरन्शिएट करा, डिफरन्शियल इक्वेशनमध्ये ऑप्शन टाकून बघा, एलपीपीत (लिनियर प्रोग्रॅमिंग) कॉर्नर पॉइंट दिलेले असले तर ग्राफ काढू नका. शून्य ते पाय बाय टू, साइन भागिले साइन अधिक कॉस, हे दिसलं की पाय बाय फोर लावून पुढे. लाइन अँड प्लेनमधला पॉइंटची इमेज काढायचा प्रश्न मी बघितला की सरळ शेवटी ढकलायचे, येत असूनही. दोन मार्कांसाठी अख्खं पान भरतं त्याने. आणि अकरावीचा भाग, साधारण २० टक्के असतो, तो मी पहिल्या फेरीतच घेतला कारण प्रोबॅबिलिटी, मेजर्स ऑफ डिस्पर्शन हे प्रश्न छोटे असतात, लोक उगाच अभ्यासातून वगळतात.

शेवटची तीन-चार मिनिटं दोन्ही भागांत राखीव ठेवली होती, फक्त रिकामे प्रश्न भरायला. पॅलेटमध्ये (स्क्रीनवरच्या प्रश्नांच्या नंबरांच्या चौकटीत) हिरवं, म्हणजे उत्तर दिलेलं, नसलेलं काही शिल्लक ठेवायचं नाही, अंदाजपंचे दाहोदरसे का होईना. एखादा ऑप्शन चुकीचा आहे हे कळत असेल तर तो काढून उरलेल्यातून एक. माझ्या एका मैत्रिणीने जेईईची सवय लागल्यामुळे न येणारे प्रश्न तसेच कोरे सोडले, जेईई मेनला चुकलं की एक मार्क जातो त्यामुळे तिथे ते बरोबर आहे, इथे फुकटचा चान्स घालवणं आहे.

आणि एक, मॉक मोबाईलवर देऊ नका. बोटाने झूम करून प्रश्न वाचायची सवय लागते. कॉम्प्युटर घरी नसेल तर सायबर कॅफेत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये बसा, कीबोर्डला हात न लावता नुसत्या माऊसवर, आणि मॅथ्सच्या आधीची ९० मिनिटं न चुकता द्या, कारण दीड तास घासून झाल्यावर डोकं किती चालतं हे नुसतं मॅथ्स सोडवून कळत नाही.