आजी, थांब ना जरा!

नेदरलँड्समध्ये शाळांच्या सुट्ट्या सरकार ठरवतं, तेही देशाचे उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन भाग करून. उन्हाळ्याची सहा आठवड्यांची सुट्टी तिन्ही भागांत वेगवेगळ्या तारखांना सुरू होते, म्हणजे सगळा देश एकाच शनिवारी गाड्या भरून फ्रान्सच्या रस्त्याला लागत नाही. देश केवढा, तर महाराष्ट्राचा सातवा हिस्साही भरणार नाही. पण नियोजन म्हणजे नियोजन.

मी राहते आमर्सफोर्टला, म्हणजे मध्य विभागात. नोकरी होती तोवर या तक्त्याशी माझं देणंघेणं नव्हतं. आता नात अकरा वर्षांची, नातू सातचा, लेक-जावई दोघंही नोकरीवाले. त्यामुळे ऑक्टोबर, नाताळ, फेब्रुवारी, मे आणि उन्हाळा, प्रत्येक सुट्टीत आजी गृहीत धरलेली असते. माझी तक्रार नाही. निवृत्त झाल्यावर मी फक्त एक अट घातली: येईन, पण गाडीच्या मागच्या सीटवर बसून "आई, एसी कमी करू का?" हे ऐकत हिंडणार नाही. सायकलने येईन.

सायकल मला नवी नाही. सत्तरच्या दशकात पुण्यात वाढलेल्या मुलीला ती कशी नवी असेल? पण तेव्हाच्या शाळेतल्या मैत्रिणी आता फोनवर विचारतात, "या वयात? आणि पडलीस तर?" त्यांचं बरोबरच आहे. आजच्या कर्वे रोडवर मला कोणी सायकल चालवायला सांगितली तर मीही हात जोडीन. फरक माझ्या हिमतीत नाही, रस्त्यात आहे. इथे सायकलचा रस्ता वेगळा असतो, बहुतेक ठिकाणी लालसर डांबराचा, आणि चौकात गाडीवाला थांबून तुम्हाला पुढे जाऊ देतो.

हे काही पूर्वापार चालत आलेलं नाही, हे आवर्जून सांगायला हवं. युद्धानंतर हा देशही मोटारींच्या मागे लागला होता. १९७१ साली इथे रस्त्यांवर ३००० हून जास्त माणसं मेली, त्यात ४०० हून जास्त मुलं होती. आईबाप रस्त्यावर उतरले, ‘मुलांच्या हत्या थांबवा’ अशा थेट नावाची चळवळ उभी राहिली. मग १९७३ चं तेलसंकट आलं आणि काही रविवार मोटारींना चक्क बंदी झाली. लोक हायवेवर सायकली चालवायला लागले. त्या भांडणातून हे रस्ते आलेत. ‘त्यांची संस्कृतीच वेगळी’ असं म्हणून आपण जे हात झटकतो ना, ते मला पटत नाही.

माझी सायकल विजेवर चालते, म्हणजे पुण्यात समजतात तशी स्कूटर नव्हे. पायडल मारावंच लागतं. तुम्ही मारलं तर मोटर मदत करते, तीही ताशी २५ किलोमीटरपर्यंतच. पाय थांबले की मदत थांबली. मधला दांडा इतका खाली वाकलेला की साडीतही चढता यावं. बॅटरी मागच्या कॅरिअरमध्ये, रात्री काढून घरात चार्जिंगला लावायची. या मोटरमुळे घरातला क्रम मात्र उलटा झालाय. वाऱ्याच्या तोंडावर जावई घामाघूम, लेक दात-ओठ खात, आणि नातू मागून ओरडतोय, "आजी, थांब ना जरा!"

वारा म्हणजे काय ते कळायला मे महिन्यात टेसलला जावं. वायव्येच्या टोकाला डेन हेल्डर आहे, तिथून फेरीने वीसेक मिनिटांत हे बेट येतं. वरच्या डेकवर मुलं पाव उडवतात आणि सीगल तो हवेतच झेलतात. धक्क्यावर उतरल्या उतरल्या सायकली भाड्याने मिळतात, लहान मुलांच्यासुद्धा. मे मध्ये बेटभर कोकरं बागडत असतात, ट्यूलिपची शेतं असतात, आणि वारा असतो. झाडं एका बाजूला कललेली. मेंढपाळांची जुनी गवत-कोठारं तर अशी दिसतात की कोणीतरी घर मधोमध कापून अर्धं नेलंय. एका बाजूला उभी सपाट भिंत आणि दुसऱ्या बाजूला छप्पर उतरत जवळजवळ जमिनीला टेकलेलं. उतरतं अंग नैऋत्येकडे, कारण वारा तिकडून येतो, तो छपरावरून घसरून पुढे जातो. मेंढ्या सपाट भिंतीच्या आडोशाला येऊन उभ्या राहतात. आम्हीही तिथेच उभं राहून थालीपीठं खाल्ली. मेंढ्यांनी जागा दिली, पण नाराजीने.

रस्ता शोधायची इथली पद्धत मला फार आवडते. सायकलवाटा जिथे मिळतात त्या प्रत्येक नाक्याला एक नंबर असतो आणि पुढच्या नाक्याकडे बाण दाखवणारी छोटी पाटी. घरून निघताना आठ-दहा नंबर चिठ्ठीवर लिहून घ्यायचे, ते जोडत गेलं की झाली सहल. गावांची नावं नकोत, फोन नको. ही युक्ती मूळची शेजारच्या बेल्जियमची. तिथल्या लिम्बर्ग प्रांतातल्या एका खाण-अभियंत्याने कोळशाच्या खाणीतल्या बोगद्यांच्या चौकांना असतात तसे नंबर सायकलवाटांना दिले, आणि १९९० च्या दशकात तिथे पहिलं जाळं उभं राहिलं. आमच्याकडे चिठ्ठी मी लिहिते, मराठी आकड्यांत, आणि हँडलला चिकटपट्टीने लावते. नातीला आकडे यावेत हा त्यामागचा छुपा डाव. तिच्या लेखी आपला १ म्हणजे त्यांचा ९. त्यामुळे टेसलवर तिने १४ ऐवजी ९४ नंबरची पाटी शोधायला सगळ्यांना लावलं आणि ९४ काही सापडेना. त्या दिवसापासून तिला एक आणि नऊ पक्के येतात. रविवारच्या ऑनलाइन मराठी वर्गाने जे वर्षभरात साधलं नाही ते एका चुकलेल्या वळणाने साधलं.

त्याच वसंतात तिची शाळेची रहदारीची परीक्षा झाली. इथे प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षांत मुलं आधी लेखी पेपर देतात आणि मग खऱ्या रस्त्यावर सायकल चालवून दाखवतात. अंगात नंबर लिहिलेलं जॅकेट, आणि ठरलेल्या कोपऱ्यांवर स्वयंसेवक पालक कागद घेऊन उभे: हात दाखवला का, मागे वळून पाहिलं का, उजवीकडून येणाऱ्याला जाऊ दिलं का. मी एका कोपऱ्यावर होते. पोरं इतक्या गंभीर चेहऱ्याने जात होती की हसू दाबावं लागलं. पुढच्या वर्षी हीच मुलं रोज पाच-सात किलोमीटरवरच्या माध्यमिक शाळेत एकटी जाणार. रिक्षाकाका नाही, स्कूलबस नाही, आईची स्कूटी नाही.

उन्हाळ्यात आम्ही डॅन्यूब केली. जर्मनीतल्या पासाऊपासून ऑस्ट्रियाच्या व्हिएन्नापर्यंत नदीकाठाने साधारण ३२० किलोमीटरची सायकलवाट आहे, जवळजवळ सगळी सपाट. वाट नदीबरोबर उताराला जाते आणि वारा बहुधा पश्चिमेचा, म्हणजे पाठीवर. टेसलनंतर तर ते लाडच वाटले. आमचे हे सायकलवर बसत नाहीत. गुडघ्यांचं कारण पुढे करतात, जे देवळाच्या पायऱ्या चढताना कधी दिसत नाही. ते सामान घेऊन गाडीने पुढच्या मुक्कामाला जायचे. आम्ही घामाने थबथबून पोचावं, तर हे अंगणात कॉफी पीत, मुक्कामाच्या घरगुती लॉजच्या मालकिणीशी मोडक्या जर्मनमध्ये राजकारण बोलत बसलेले. माझ्या बॅटरीला प्लग कुठे मिळेल ते मात्र आधीच विचारून ठेवलेलं. तेवढं श्रेय द्यायला हवं.

पासाऊला तीन नद्या मिळतात, पण आम्हाला खरी डॅन्यूब भेटली श्ल्योगनच्या वळणावर. समोर कठीण ग्रॅनाइट आल्यामुळे नदी तिथे जवळजवळ उलटी फिरते. ज्या दिशेने आलो त्याच दिशेला पाणी परत निघाल्यासारखं दिसतं. पलीकडे जायला फक्त सायकली आणि माणसं नेणारी छोटी होडी आहे. होडीवाल्याने नातवाला घंटा वाजवू दिली, आणि नातवाच्या लेखी ऑस्ट्रिया देश तिथेच संपला. बाकी सगळं त्या घंटेपुढे फिकं.

लिन्झच्या पुढे माउथहाउझेन येतं. वाट नदीकाठच्या गावातून जाते, नाझींची छळछावणी वर टेकडीवर आहे. मुलांना न्यायचं का यावर आदल्या रात्री बरीच चर्चा झाली. तिथल्या मार्गदर्शित फेऱ्या चौदा वर्षांपुढच्यांसाठी आहेत असं लेकीचं म्हणणं पडलं, आणि बाकी सगळे खालीच थांबले. मी एकटी वर गेले, मोटर पूर्ण जोरावर ठेवून. शेजारीच दगडाची खाण आहे आणि तिच्यातून वर येणाऱ्या १८६ पायऱ्या. पाठीवर ग्रॅनाइटचे दगड लादून कैद्यांना या पायऱ्या चढायला लावत. १९३८ ते १९४५ या काळात या छावणीत आणि तिच्या उपछावण्यांत मिळून साधारण १,९०,००० माणसं डांबली गेली, त्यांतली निदान ९०,००० मेली. वरून डॅन्यूबचं खोरं हिरवंगार दिसतं, हे तिथे उभं राहून सहन होत नाही. खाली आले तेव्हा नातीने विचारलं, "किती पायऱ्या?" तिला ते पाटीवरून आधीच माहीत होतं. माझ्याकडून ऐकायचं होतं. संध्याकाळी तिला जेवढं झेपेल तेवढं सांगितलं.

पुढे मेल्क ते क्रेम्स हा वाखाऊचा पट्टा. एका बाजूला द्राक्षमळे, दुसरीकडे जर्दाळूच्या बागा. जुलैच्या मध्यावर गेलात तर वाटेच्या कडेला फळांचे क्रेट आणि पैसे टाकायला डबा. तिथला जर्दाळूचा गोळा खायलाच हवा: बटाट्याच्या किंवा चक्क्यासारख्या चीजच्या पारीत अख्खं फळ, उकडून लोण्यावर परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवलेलं. उकडीच्या मोदकाचा हा दूरचा भाऊ, फक्त कळ्या पाडायचा कंटाळा केलेला. मी दोन खाल्ले आणि पुढची चढण मोटरवर सोडली. व्हिएन्नाबद्दल काही सांगत नाही. मोठं शहर, ट्रॅमचे रूळ, सायकलचं चाक अडकायची धास्ती. ते लोकांनी भरपूर लिहिलंय.

ऑक्टोबरची सुट्टी मात्र घरापासून जवळच, होगे फेलुवेच्या जंगलात. सुमारे ५४०० हेक्टरचं राष्ट्रीय उद्यान, आत शिरलं की पांढऱ्या सायकली उभ्या असतात. हवी ती घ्यायची, हवी तिथे सोडायची, वेगळे पैसे नाहीत. अशा १८०० च्या आसपास सायकली आहेत. त्यांना हातात ब्रेक नसतो. पायडल उलटं मारलं की चाक थांबतं. आपल्याकडे उतारावर मजेत उलटं पायडल फिरवायची सवय असलेल्यांनी जपून! वाळूचे ढिगारे, वाळलेली हीथरची झुडपं, पाइनखाली पांढऱ्या ठिपक्यांच्या लाल अळंब्या, आणि या सगळ्याच्या मधोमध क्रोलर-म्युलर संग्रहालय, ज्यात व्हॅन गॉगची ९० च्या आसपास चित्रं आहेत. चिखलाच्या बुटांनी आत जायचं, सायप्रसची झाडं बघायची, बाहेर येऊन पुन्हा सायकल शोधायची. नातवाने आपण आणलेलीच सायकल हवी म्हणून हट्ट धरला. सगळ्या सारख्या असतात, हे त्याला अजून पटलेलं नाही.

आता मैत्रिणींच्या ‘पडलीस तर?’ या प्रश्नाचं खरं उत्तर. पडतात. २०२२ साली या देशात २९१ सायकलस्वार रस्त्यांवर मेले, आणि त्यांत माझ्या वयाच्यांचा वाटा मोठा होता. विजेची सायकल जड असते, आणि चढता-उतरताना तोल जाऊन पडणारे बरेच. म्हणून मी हेल्मेट घालते. इथले बहुतेक लोक घालत नाहीत, आणि जावई मला चिडवतो. चिडवू दे. डाव्या हँडलला आरसा लावलाय, उतरताना आधी थांबून पाय टेकते मग मोटर बंद करते, आणि जाड टायरच्या सायकली उधळत येणारी टाळकी दिसली की बाजूला होते. दोन्ही हातांनी मोबाइल धरून जाणारी ती पोरं बघितली की मला पुण्याची आठवण येते, आणि ती चांगली नसते.

इथे मुलांकडे येणाऱ्या आई-बाबांना एवढंच सांगेन: तीन महिने खिडकीत बसून काढू नका. सपाट बागेत, कमी उंचीच्या सीटवर, आधी मोटरशिवायच्या सायकलवर सराव करा. पाय पूर्ण टेकले पाहिजेत, बाकी सगळं नंतर. आणि पहिल्या दिवशी मुलाला सोबत नेऊ नका. तो फार सूचना देतो.

या मेमध्ये आमचं व्लीलँड ठरतंय, हार्लिंगनहून फेरीने दीड तास. त्या बेटावर पाहुण्यांना मोटार नेताच येत नाही, हे लेकीने जेवताना सहज सांगितलं. ह्यांनी जेवण टाकून बेटावरच्या बसचं वेळापत्रक शोधलं. बस आहे. मी शेजारच्या दुकानात त्यांच्या उंचीची एक तीनचाकी बघून ठेवलीय, ते अजून त्यांना सांगितलेलं नाही.